परदेशातला कोर्स आणि आपला साठ मुलांचा वर्ग

परदेशी प्रशिक्षणाला निघालेल्या आणि नुकत्याच परतलेल्या मुंबईतल्या इंग्रजी शिक्षकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख इंग्लंडकडे असल्याने उत्तरंही तिथलीच आहेत.

प्रश्न : परळच्या मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. बी.एड. झालं आहे. इंग्लंडला जाऊन सेल्टा करू, की शिक्षकांसाठीचा दोन आठवड्यांचा उन्हाळी कोर्स?

सेल्टा हे केंब्रिजचं प्रमाणपत्र प्रौढांना इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे आणि मुळात या पेशात नव्याने येणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. त्यात किमान १२० तास असतात, पूर्णवेळ केला तर चार आठवडे. सहा तास तुम्ही स्वतः निरीक्षणाखाली शिकवायचं, सहा तास अनुभवी शिक्षकांचं शिकवणं पाहायचं आणि ७५० ते १००० शब्दांच्या चार असाइनमेंट लिहायच्या. चारपैकी तीन उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि अडलेली असाइनमेंट एकदा सुधारून देता येते. दिवसा कोर्स आणि रात्री उद्याच्या पाठाची तयारी, असे ते चार आठवडे जातात. लंडन बघू, नातेवाइकांकडे राहू, हा बेत त्यात बसत नाही.

अनुभवी शालेय शिक्षिकेला छोटा कोर्स जास्त उपयोगी पडतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. परीक्षेचं दडपण नसतं, स्वतःचं इंग्रजी घासूनपुसून निघतं आणि शाळकरी मुलांसाठीचं साहित्य हाताळायला मिळतं. पुढे प्रौढांचे वर्ग घ्यायचे असतील तरच सेल्टाकडे वळा, पण तो भारतात आणि ऑनलाइनही करता येतो. केवळ प्रमाणपत्रासाठी विमानाचं तिकीट काढू नका. शाळेतल्या नोकरीसाठी तो बी.एड.ची जागाही घेत नाही.

वेळापत्रकही बघा. उन्हाळी कोर्स बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये असतात, म्हणजे आपलं पहिलं सत्र ऐन भरात असताना. सेल्टा वर्षभर चालतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत बसवता येतो.

प्रश्न : दादरच्या अनुदानित शाळेत आहे. रजा आणि व्हिसा, आधी काय करायचं? कागद कुठे अडतात?

आधी परवानगी. मुख्याध्यापकांकडे अर्ज, संस्थेची शिफारस आणि तिथून तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे. महापालिकेच्या शाळेत असाल तर अर्ज पालिकेच्या शिक्षण विभागामार्फत जातो. कोर्सच्या निवडीचं पत्र हातात आलं, की त्याच आठवड्यात अर्ज टाका. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला साधा व्हिजिटर व्हिसा चालतो, मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर परत न होणारं तिकीट काढू नका.

अडचण येते ती बारीक गोष्टींत. रजा मंजुरीचं पत्र मराठीत असतं. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर बिनचूक असल्याची लेखी हमी लागते. आपण इंग्रजीचे शिक्षक म्हणून स्वतःच भाषांतर करून जोडू नका. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि शाळेच्या पत्रावर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हवाच. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आधी एकदम मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागद द्या. पीएफमधून काढली असेल तर तसं पत्र, भावाने दिली असेल तर भावाचं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा. शाळेच्या पत्रात तुम्ही कधी रुजू झालात, पगार किती, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे आणि परत कधी हजर होणार, हे चारही असलं पाहिजे. ‘रजेवर जात आहेत’ एवढ्यावर भागत नाही.

प्रश्न : मुलुंडहून लिहितोय. वीस वर्षं शिकवल्यावर कोर्सवर माझ्या पाठाचं निरीक्षण होणार, याचं टेन्शन आहे. अनुभवी लोकांच्या कोणत्या गोष्टींवर बोट ठेवतात?

सर, मुख्य म्हणजे जास्त बोलण्यावर. मोठ्या वर्गाला सांभाळायची सवय असलेला शिक्षक सतत बोलत राहतो, कारण तो थांबला की गोंगाट सुरू होतो. तिथे समोर दहा-बारा जण असतात आणि शांतता असते. विद्यार्थ्याने उत्तर द्यायला चार-पाच सेकंद घेतले तर आपण ती भरून काढतो. ती भरायची नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘अंडरस्टूड?’ असं विचारणं. त्याला ‘येस सर’शिवाय उत्तर येत नाही आणि कुणाला समजलं ते कळत नाही. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न टाचणातच लिहून ठेवा. समजा वाक्य आहे, ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू वर्क इन अ मिल.’ प्रश्न असे : आजोबा आता मिलमध्ये काम करतात का? नाही. पूर्वी करत होते का? हो. एकदाच की कितीतरी दिवस? कितीतरी दिवस. तीन प्रश्नांत रचनेचा अर्थ पक्का होतो. या प्रश्नांत खुद्द ‘यूज्ड टू’ वापरायचं नाही, ही मेख लक्षात ठेवा. जे तपासायचं तेच प्रश्नात आलं तर तपासणी होत नाही. हे प्रश्न ऐनवेळी सुचत नाहीत, म्हणून आदल्या रात्रीच लिहायचे.

तिसरी गोष्ट सूचनांची. आपण कागद वाटतो आणि मग काय करायचं ते सांगतो, तोवर सगळे कागदात डोकं घालून बसलेले असतात. आधी सूचना, मग एका विद्यार्थ्याबरोबर नमुना, मग कागद.

पाठानंतरची चर्चा गटात होते आणि तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान सहाध्यायीही तुमच्या पाठावर बोलतात. त्यांचं लिहून घ्या. उत्तर द्यायची घाई केली तर ऐकायचं राहून जातं.

प्रश्न : गिरगावातल्या शाळेत परत रुजू झाले. तिकडचं सगळं बारा जणांच्या वर्गासाठी होतं. इथे पट साठचा, बाक हलत नाहीत, तास ३५ मिनिटांचा, शेजारच्या वर्गात आवाज जातो. यातलं काय खरंच चालतं?

ताई, बरंच चालतं, पण जसंच्या तसं नाही. तिथल्या वर्गात दहा देशांचे लोक असतात आणि इंग्रजी सोडून त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, म्हणून जोडीकाम आपोआप इंग्रजीत होतं. आपल्या साठही मुलांना मराठी येतं. गप्पा मारायला दिल्या तर ती मराठीतच मारणार, त्यात मुलांचा दोष नाही. म्हणून ‘डिस्कस विथ युवर पार्टनर’ हा प्रकार इथे बाद. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही आणि ती इंग्रजीत विचारल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही, असंच काम द्यायचं.

झेरॉक्सशिवाय ते असं करता येतं. समोरच्या फळ्यावर पाच लोकलचा तक्ता काढा : कुठून, कुठे, किती वाजता, कितव्या प्लॅटफॉर्मवर. त्यातली निम्मी घरं रिकामी ठेवा. मागच्या भिंतीवर चार्ट पेपरवर तोच तक्ता लावा, पण तिथे उरलेली निम्मी घरं भरलेली. बाकावरच्या दोघांपैकी एकाचं तोंड फळ्याकडे, दुसऱ्याचं मागे. बाक हलवायची गरज नाही, मुलाने वळून बसायचं. विचारायचं वाक्य फळ्यावर आणि चार्टवर दोन्हीकडे लिहिलेलं असू द्या : ‘व्हॉट टाइम डझ द ठाणे ट्रेन लीव्ह?’ चार्टवरची अक्षरं किमान चार बोटं उंच हवीत, नाहीतर मधल्या बाकावरून दिसत नाहीत आणि मुलं उठून जातात.

हजेरीत पाच मिनिटं जातात, उरतात तीस. सूचना चार, एका जोडीचा नमुना तीन, काम सात, जागा बदलून पुन्हा सात, उत्तरं तपासणं पाच, वहीत तीन वाक्यं लिहिणं चार. दुसऱ्या फेरीसाठी ट्रेनच्या वेळा बदला, नाहीतर मुलं आठवणीवर उत्तर देतात. सूचना इंग्रजीत द्या, नमुना दाखवा, मग एका मुलाला ती मराठीत सांगायला लावा. यात काहीही कमीपणा नाही. साठ मुलांत दहा जणांना सूचना कळली नाही तर ते दहा जणच तास मोडतात.

आवाजाचं म्हणाल तर, ‘हळू बोला’ म्हणून उपयोग नसतो. आवाज किती हवा ते नमुन्याच्या वेळीच त्या आवाजात बोलून दाखवा. थांबायची खूण म्हणून हात वर धरा. ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. पहिले काही तास वेळ लागतो, मग बसते सवय.

तीस जोड्यांकडे एका तासात जाता येत नाही. जोडीकामाच्या प्रत्येक तासाला बाकांची एकच रांग ऐकायची, पाच रांगा असतील तर पाच तासांत सगळा वर्ग होतो. कुणाचीही चूक मध्येच दुरुस्त करू नका. ऐकलेली चार वाक्यं नाव न घेता शेवटी फळ्यावर लिहा, दोन बरोबर आणि दोन चुकलेली, आणि कोणती कुठली ते मुलांना ठरवू द्या. ज्यांचं लवकर आटोपतं त्यांनी सहावी ट्रेन स्वतः रचायची.

यापुढचीही एक वाट आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. कोर्सवर ‘टास्क’बद्दल, म्हणजे भाषा वापरून पुरं करायच्या कामाबद्दल, पुष्कळ ऐकलं असेल. त्याचा एक मोठा प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात गटकामावर भर नव्हता. आधी शिक्षक सगळ्या वर्गासमोर प्रश्न विचारत एक काम सोडवून घ्यायचे, उदाहरणार्थ रेल्वेचं वेळापत्रक वाचून एखादा प्रश्न सोडवणं. मग तशाच प्रकारचं दुसरं काम प्रत्येकाने स्वतः करायचं. निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं तर ते काम योग्य पातळीचं मानलं जाई. साठ मुलांच्या, आवाज न परवडणाऱ्या वर्गात हे जोडीकामाइतकंच कामाला येतं. आठवड्यात दोन तास जोडीकाम आणि दोन तास हे, अशी वाटणी करून पाहा.

प्रश्न : बोरिवली. माझा उच्चार मराठी वळणाचा आहे. जाण्याआधी ब्रिटिश उच्चार शिकू का?

नको. समोरच्याला कळतं का, एवढंच बघा. दोन जागा मात्र पक्क्या करा. बनियनचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ आपण एकाच ‘व’ने बोलतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्यात दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरशासमोर रोज पाच मिनिटं पुरे. दुसरी जागा शब्दातल्या आघाताची, म्हणजे जोर कुठे द्यायचा त्याची : ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आघात चुकला की अख्खा शब्द कळत नाही. म्हणून नवा शब्द वहीत लिहिताना त्या अवयवाखाली रेघ मारा.

प्रश्न : सामानात खाण्याचं काय नेऊ? चार्जर चालेल का?

तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोरड्या चटण्या बंद पाकिटात, नाव लिहून न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, पण सॉकेटला तीन चपट्या पिना लागतात. एक अडॅप्टर आणि त्याला लावायला आपला एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की मोबाइल, लॅपटॉप दोन्ही भागतात. तिथल्या बहुतेक सॉकेटलाही बटण असतं, ते दाबायला विसरू नका.

प्रश्न : परत आल्यावर मुख्याध्यापकांनी सहकाऱ्यांसाठी तासाभराचं सत्र घ्यायला सांगितलं आहे. काय घेऊ?

स्लाइड दाखवू नका. तिकडच्या ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या, सेल्टासारख्याच प्रमाणपत्रात शिकाऊ शिक्षकांना एक पूर्ण अनोळखी भाषा शिकायला बसवतात. तेच इथे करा. शाळेत कुणी तमिळ किंवा बंगाली बोलणारे सहकारी किंवा पालक असतील तर त्यांना पंधरा मिनिटं फक्त त्याच भाषेत, पाच वस्तू आणि दोन वाक्यं शिकवायला सांगा. बाकीच्यांपैकी कुणाला ती भाषा येत असेल तर त्यांनी निरीक्षक व्हायचं : कोण गप्प बसलं, कोण शेजाऱ्याचं बघून बोललं, कोणत्या क्षणी लक्ष उडालं. नंतर वीस मिनिटं त्यावर बोला. उरलेल्या वेळात वरचा लोकलचा तक्ता शिक्षकांकडूनच करून घ्या, बाकांवर बसवून, मागे वळवून. पुढच्या आठवड्यात कोण कोणत्या तुकडीवर तो घेणार आणि कोण तो तास पाहायला बसणार, हे उठण्याआधी ठरवा.