१९८० सालचा अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरचा बॉक्सिंग गेम फक्त २ केबीत, तेही एकाच माणसाने कसा काय बनवला?

अहो मावतो २ केबीत. आणि एकट्यानेच केलाय, बॉब व्हाइटहेडने. तेव्हा असंच असायचं, कोड, चित्रं, आवाज सगळं एकाच्याच डोक्यावर. मशीनला रॅम १२८ बाइट, केबी नाही हां, बाइट. त्यामुळे अख्ख्या स्क्रीनचं चित्र साठवायला जागाच नाही, टीव्हीची बीम एकेक ओळ काढत खाली येते तसतसं प्रोग्रॅमने चिपला सांगत सुटायचं की आता या ओळीत हे काढ. चिपमध्ये प्लेअर स्प्राइट (स्क्रीनवर हलवता येणारी छोटी चित्रं) दोनच, म्हणजे एक काळा बॉक्सर, एक पांढरा, झालं काम. पण खरी अक्कल कुठे, तर मॅच वरून दाखवण्यात. डोकं आणि दोन हात, पाय नाहीत, चेहरा नाही, आणि तरी चारही दिशांना सरकता येतं. लांबून ठोसा १ पॉइंट, जवळून २, १०० झाले की नॉकआउट, नाहीतर दोन मिनिटांत खेळ खलास.

या 'वरून'पायी मी २००५ ला पुण्यात एका मोबाइल गेम कंपनीत सिनिअरशी तीन आठवडे भांडलोय. आम्हाला पण बॉक्सिंगच करायचा होता, जावावाल्या नोकियासाठी, सगळं मिळून ६४ केबीच्या आत. सर म्हणाले बाजूनेच दाखवायचं, 'वरून काय टकलं दाखवतो का रे लोकांना?' बाजूने म्हटल्यावर पायाच्या फ्रेम, कमरेच्या फ्रेम, एकाच बॉक्सरने ३८ केबी खाल्ले आणि दुसरा अजून यायचाच होता, मग फ्रेम कापल्या तर हात खांद्यावरून गायब होऊन डायरेक्ट समोरच्याच्या जबड्यावर उगवायला लागला. शेवटी गणपतीच्या सुट्टीत घरी बसून, आई आरतीला हाका मारतेय आणि मी नंतर येतो म्हणतोय, असं करत सगळं वरून लिहिलं. ३१ केबी. तोच गेम बाहेर गेला. अबाउट स्क्रीनवर नाव कुणाचं? सरांचं. विचारलं तर म्हणे, आपल्याकडे नावं नसतात, टीम असते.

हे वाक्य अटारी कंपनीतही चालायचंच. गेमवर नाव नाही, विक्रीतला वाटा नाही, म्हणून तर व्हाइटहेड, डेव्हिड क्रेन वगैरे चौघं प्रोग्रॅमर तिथून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांची स्वतःची गेम कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन निघाली, आणि तिथे मॅन्युअलमध्ये करणाऱ्याचं नाव छापायला लागले. बॉक्सिंग हा त्यांच्या पहिल्या चार गेमपैकी एक. त्यामुळे कसा बनवला याचं निम्मं उत्तर तर हेच आहे, माणूस स्वतःच्या नावाने बनवत होता.

तुम्ही शिकायला म्हणून करणार असाल तर वरूनच करा, आणि कंपनीत करणार असाल तर नावाचं आधी मेलवर घ्या, तोंडी नाही.

आता चेहऱ्याच्या बाबतीत सर अगदीच चूक होते असंही नाही. निन्टेन्डोचा १९८७ चा पंच-आउट चालला तो समोरच्या भल्यामोठ्या थोबाडांवरच (त्यात एक फेटेवाला मुंबईचा दाखवलाय, फेट्यातला खडा चमकला की ठोसा येतो). पण ती चित्रं हलवायला कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) वेगळी चिप घालावी लागली होती. आमच्याकडे काय होतं, ६४ केबी आणि सर.

लिंक्डइनवर त्यांच्या प्रोफाइलला तो गेम अजून आहे. 'कन्सेप्ट अँड डेव्हलपमेंट' लिहिलंय.