ब्लॅक करंट खावं का? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

या महिन्यात ब्लॅक करंटवर, म्हणजे थंड मुलखातल्या त्या गडद जांभळ्या आंबट फळावर, एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ म्हटलं.

प्रश्न : ताई, माझा भाचा लंडनला असतो, दिवाळीला आला तर ब्लॅक करंट सिरपच्या दोन बाटल्या घेऊन आला. म्हणतो मामी रोज ग्लासभर पी, डोळ्याला चांगलं, शुगरला चांगलं, हार्टला पण चांगलं. मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पिऊ का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : मामी, भाच्यानं प्रेमानं आणलंय आणि फळाबद्दल तो खोटं बोलत नाहीये, पण फळ वेगळं आणि सिरप वेगळं. आधी बाटली फिरवून मागचं लेबल बघा, साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुमच्यासाठी ती बाटली नाही, नातवंडांना पाण्यात थोडं टाकून द्या बास.

त्या देशात या सिरपचं एवढं कौतुक का, तर दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनमध्ये बाहेरून संत्री येणं मुश्कील झालं, आणि ब्लॅक करंट तर त्यांच्याच मातीत येणारं फळ, त्यात व्हिटॅमिन सी भरपूर, मग सरकारनं लहान लेकरांना त्याचं सिरप फुकट वाटलं. तेव्हा गरज खरी होती. १०० ग्रॅम ताज्या ब्लॅक करंटमध्ये साधारण १८० मिलिग्रॅम सी असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास. हा फायदा पक्का आहे, यात वादच नाही.

आता डोळ्यांचं. या फळाचा जो गडद जांभळा रंग आहे तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. जपानमध्ये काचबिंदूच्या पेशंटवर याचे काही अभ्यास झालेत, आशा वाटावी असे आहेत, पण छोटे आहेत, आणि ते ठरावीक डोसच्या अर्कावर झालेत, सिरपवर नाही. डोळ्यांत टाकायचे ड्रॉप्स बंद करावेत असं त्यातून अजिबात निघत नाही. शुगरचंही तसंच, गोड पेयासोबत हा अर्क दिला तर रक्तातली साखर जरा हळू चढते असं लंडनच्या एका अभ्यासात दिसलंय, पण माणसं मोजकीच होती. आपण मात्र ऐकताना फक्त 'शुगरला चांगलं' एवढंच ऐकतो आणि गोड सिरपच पितो! हार्टबद्दलही अजून ठाम बोलता येईल असं काही हातात नाही. गोळ्या चालूच ठेवा मामी, आणि रंगाचंच म्हणाल तर आपलं जांभूळ आहे की, त्यातही अँथोसायनिनच असतं, जूनमध्ये गाड्यावर मिळतं तेव्हा वाटीभर खा.

प्रश्न : जालन्याच्या मार्केटमधून 'ब्लॅक करंट' लिहिलेलं पाकीट आणलं, घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या अगं हे तर काळे मनुके. कोण बरोबर? (एक वाचक, जालना)

उत्तर : सासूबाई. आपल्याकडे या नावाखाली बहुतेक वेळा वाळवलेली काळी द्राक्षंच मिळतात. खरा ब्लॅक करंट द्राक्षाच्या कुळातला पण नाही, ते थंड मुलखातलं झुडूप आहे आणि फळ एवढं आंबट की वाळवून विकताना बहुतेक वेळा साखर घालतात. मनुके वाईट नाहीत, खा, पण सी मिळेल म्हणून खाऊ नका कारण वाळवण्यात ते जवळपास सगळं जातं. साखर मात्र १०० ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून मूठ मूठ नको.

प्रश्न : मी नांदेडला क्लाससाठी राहते, मेसमध्ये जेवते. हिमोग्लोबिन ९.२ आलंय. मैत्रीण म्हणते ऑनलाइन ब्लॅक करंट मागव, रक्त वाढतं. महाग आहे पण घरी सांगितलं तर बाबा पैसे पाठवतील. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बाळा, बाबांना पैसे मागू नकोस. मागच्या वर्षभरात तुझ्यासारख्या मुलींची एवढी पत्रं आलीत की हे जरा सविस्तरच लिहिते.

९.२ म्हणजे किरकोळ नाही, मध्यम ॲनिमिया आहे. तो कुठल्याच फळानं भरून निघत नाही, त्याला लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, डॉक्टरांना दाखव आणि लोह कशामुळे कमी झालं तेही विचार, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लाजू नकोस, स्पष्ट सांग. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट थोडं बिघडतं, म्हणून मुली आठ दिवसांत सोडून देतात. सोडू नकोस, त्रास जास्त वाटला तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील.

मैत्रीण पूर्ण चूक नाहीये. ज्वारीची भाकरी, मेथी, डाळ यातलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही, धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, आणि त्याच जेवणात व्हिटॅमिन सी असेल तर हेच लोह जास्त शोषलं जातं. ब्लॅक करंटचा इथं उपयोग एवढाच, आणि तोच उपयोग पेरू करतो. एका मध्यम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर सी असतं, म्हणजे ब्लॅक करंटपेक्षा थोडं जास्तच, आणि बाईमाणसाची दिवसाची गरज आहे ६५. हिवाळ्यात पेरूवाले जागोजागी बसलेले असतात, एक पेरू जेवणासोबत खा, चार तासांनी नाही, सोबत. पेरू नसेल तर मेसवाल्या काकूंकडून लिंबाची फोड मागून वरणावर पिळ, वरण ताटात आल्यावर, कारण उकळत्या भाजीत सी टिकत नाही. आवळा मिळाला तर मिठासोबत कच्चा खा. आवळ्याच्या कँडीवर फार भरवसा ठेवू नकोस, त्यात पाक जास्त.

आणि चहा. जेवण झालं की लगेच चहा प्यायची जी सवय आपल्या अख्ख्या मराठवाड्यात आहे ना, ती लोहाचं सगळ्यात जास्त नुकसान करते, चहातली टॅनिन्स लोह अडवतात. तासभर अंतर ठेव. गोळी तर चहा किंवा दुधासोबत कधीच नाही, लिंबूपाण्यासोबत घे. डॉक्टर सांगतील तेव्हा परत रक्त तपास, आणि आकडा मला कळव, खरंच कळव.

प्रश्न : अंबडला शेत आहे, मोसंबी काढून ब्लॅक करंट लावावं म्हणतो. एकाने रोपं देतो म्हणून फोन केलाय. (एक शेतकरी वाचक)

उत्तर : दादा, पैसे देऊ नका. या झाडाला फळ धरायला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते, पोलंड, रशिया, ब्रिटन, न्यूझीलंडकडे ते पिकतं, आणि आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला माहितीच आहे. नवीन काही करायचंच असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन जांभूळ, सीताफळ याबद्दल विचारा, पाण्याचा हिशेब मांडूनच ठरवा. मोसंबी घाईत तोडू नका.

प्रश्न : पोरगा ब्लॅक करंट आइस्क्रीमच खातो, त्यातून थोडं तरी मिळतं का? (एक वाचक, परळी)

उत्तर : नाही. बऱ्याचदा रंग, फ्लेवर आणि मनुके असतात. हौस म्हणून कधीमधी द्या.

प्रश्न : वडिलांची बायपास झालीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत. मुंबईच्या नातेवाइकांनी ब्लॅक करंट सीड ऑइलच्या कॅप्सूल दिल्यात. (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : चालू केल्या असतील तर आजच थांबवा आणि हार्टच्या डॉक्टरांना डबी दाखवा. या तेलात गॅमा लिनोलेनिक ॲसिड नावाचा एक घटक असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. फक्त हृदयाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.