फांदी कुजली म्हणून टाकू नका

ताई, मनी प्लांटची फांदी खालून काळी पडली म्हणून लगेच फेकू नका. बोटानं दाबून बघा. बुळबुळीत लागतंय तिथून वर सरका आणि कडक, हिरवा भाग लागला की स्वच्छ ब्लेडनं कापा. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर अजून थोडं वर. निदान एक पेर (पान जिथून फुटतं ती गाठ) शिल्लक हवंच, मुळं तिथूनच फुटतात. नुसत्या पानाचं रोप होत नाही. मग फांदी पाण्यात ठेवा, बुडणारी पानं काढा, पाणी ३-४ दिवसांनी बदला. आपल्या साताऱ्यात आषाढात कुंडीतली माती सुकता सुकत नाही, म्हणून तेव्हा मी फांदी थेट मातीत लावतच नाही. मुळं २-३ इंच झाली की मग वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावा.