दादरला उतरलं की पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे वळतात. ही सवय कशी मोडायची?

यात जिभेपेक्षा वेळेचा दोष जास्त आहे. डबा 1 वाजता संपतो आणि दादर येतं 7 ला. सहा तास रिकाम्या पोटाला कढईतल्या वड्याचा वास आला की निश्चय टिकणं कठीणच. म्हणून भूक आधीच भागवा: साडेपाचला, ऑफिसातच, 40 ग्रॅम फुटाणे सालासकट आणि एक पेरू. फुटाण्यांतून 8 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, पोटाला चांगला आधार होतो. 'लोकलमध्ये खाईन' म्हणाल तर गर्दीत डबा उघडताच येत नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. नुसत्या बिस्किटांवरही भागवू नका, मैदा आणि साखर पोटात फार वेळ टिकत नाही.

वडापाव कायमचा बंद मात्र करू नका. शुक्रवार ठरवा, एकच घ्या, लसणाच्या चटणीसकट चवीने खा.

आणि घरी फरसाणाचं अर्धा किलोचं पाकीट आणणं थांबवा. 100 ग्रॅमच आणा, वाटीत काढा, पाकिटाला रबर लावून वरच्या फळीवर ठेवा, मगच टीव्हीसमोर बसा. पाकिटात हात घालून खाताना किती गेलं ते कळतच नाही.