कॅप्सूलचे आवरण हलाल आहे का?

प्रश्न : माझ्या वडिलांना रोज एक कॅप्सूल घ्यावी लागते. आतले औषध चालत असले, तरी बाहेरचे जिलेटिनचे आवरण हलाल मानावे का?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण जिलेटिन गुरांच्या किंवा डुकरांच्या कातडीपासून व हाडांपासून बनते आणि ते कोणत्या प्राण्याचे, हे वेष्टनावर बहुधा छापलेले नसते. मूळ पदार्थाचे रूप व गुणधर्म पूर्ण पालटले, म्हणजेच ‘इस्तिहाला’ झाला, तर तो शुद्ध ठरतो, या तत्त्वावर कुवेतमधील इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या 1995 सालच्या परिसंवादाने असे जिलेटिन ग्राह्य मानले. मात्र जिलेटिनमध्ये हा पालट पूर्ण होतो, हे अनेक उलेमांना, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांना, मान्य नाही. निरुपाय असताना निषिद्ध वस्तूचा दोष लागत नाही, याला कुराणातील सूरह अल-बकरा या अध्यायाच्या 173व्या आयतीचा आधार आहे.

माझ्या मते आधी पर्याय शोधावा. तेच औषध गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या रूपात मिळते का, हे औषधविक्रेत्याला विचारावे. गोळी बनवताना औषधात मिसळले जाणारे मॅग्नेशियम स्टिअरेट हे पूरक द्रव्यही प्राणिज असू शकते, म्हणून उत्पादक कंपनीकडे लेखी चौकशी करणे उत्तम. तोवर औषध थांबवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल फोडून आतली पूड तर मुळीच देऊ नये, कारण काही औषधे सावकाश विरघळावीत अशीच बनवलेली असतात.