डिस्प्ले सुरू, गाणं गप्प

प्रश्न : माझ्या गाडीत बाहेरून बसवून घेतलेला स्टिरिओ आहे. डिस्प्ले लागतो, गाण्याचे सेकंद पुढे सरकतात, रेडिओचं स्टेशनही दिसतं. पण चारही स्पीकरमधून आवाज शून्य. आधी गाडी खड्ड्यात आपटली की आवाज जायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार जरा जोरात लावलं की परत यायचा. आता गेला तो गेलाच. फ्यूज दोनदा काढून बघितला, चांगला आहे. मेकॅनिक म्हणतो, आयसी (आतली चिप) उडालाय, नवा सेट टाका. टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. दाराचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात कामाचं तेवढंच आहे. फ्यूजचा नाद सोडा. डिस्प्ले लागतोय, म्हणजे सेटपर्यंत करंट पोचतोय.

चार स्पीकर ठरवून एका दिवशी जळत नाहीत. चारही एकदम गप्प झाले की चौघांत सामाईक काय आहे ते बघायचं. सेटच्या आत आवाज मोठा करणारा एकच आयसी असतो, टीडीए 7388 किंवा त्याच्या जातीचा. चारही स्पीकर त्याच्यावरच चालतात. त्याला शॉर्टपासून स्वतःला वाचवायची सोय असते. एखाद्या स्पीकरची वायर गाडीच्या बॉडीला टेकली की तो आपलं आउटपुट बंद करतो. तेव्हा दोष एका दाराचा असला तरी मुके चारही स्पीकर होतात, आणि खापर सेटवर फुटतं.

आता दार. ते पूर्ण उघडा आणि बिजागरीच्या बाजूला बघा. दार आणि बॉडी यांच्यामध्ये घड्याघड्यांची रबरी नळी दिसेल. काच, लॉक आणि स्पीकर यांच्या वायरी तिच्यातूनच जातात. दार उघडलं की त्या ताणल्या जातात, लावलं की दुमडतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वापरलं जातं. नळीचं एक टोक हलक्या हाताने सोडवून मागे सरकवा. नेमक्या दुमडीच्या जागी एखाद्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असेल आणि आतली तांब्याची तार उघडी पडलेली असेल. पाणी शिरत असेल तर ती हिरवीही दिसेल. तीच तार पत्र्याला घासते.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मल्टीमीटर घ्या. चावी बंद करा, सेट बाहेर ओढून मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा. मीटर ओहमवर लावून एक टोक बॉडीच्या रंग नसलेल्या पत्र्याला आणि दुसरं टोक कपलरमधल्या एकेका स्पीकर वायरला लावा. आठही वायरींवर मीटर उघडं सर्किट दाखवायला हवं. एखादीवर काही ओहम आले की चोर सापडला. मदतीला कोणीतरी घ्या आणि मीटर लावलेलं असतानाच दार सावकाश उघडझाप करायला सांगा. अधूनमधून येणारा शॉर्ट असा हलवल्याशिवाय हाती लागत नाही.

बाहेरच्या सेटला बहुतेक ठिकाणी रंग ठरलेले असतात. पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. जोडीतली काळ्या पट्टीची वायर निगेटिव्ह. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, तिथे हे गणित लावू नका. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना मीटरसुद्धा लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

एक जुनी खोड सांगायलाच हवी. स्पीकरचं निगेटिव्ह बॉडीला अर्थ करून एक वायर वाचवायची, असं काही जुने वायरमन अजून करतात. जुन्या टेपना ते चालायचं. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी आयसीच्या जिवंत आउटपुटला जोडलेल्या असतात आणि सेट चालू असताना दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे सहाएक व्होल्ट दाब असतो. त्यातली कोणतीही बॉडीला लागता कामा नये. काळी पट्टी म्हणजे अर्थ नव्हे.

वायरी निर्दोष निघाल्या, तर मग मेकॅनिकचं म्हणणं तपासू. कपलर जोडा, पण स्पीकरच्या वायरी सुट्या ठेवा आणि त्यांची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. सेट चालू करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यामधला डीसी व्होल्टेज मोजा. आठही ठिकाणी सहाच्या आसपास आले तर आयसी जागा आहे. चार ओहमचा एखादा चांगला स्पीकर थेट लावून ऐका. जोडीतली एक वायर सहा आणि दुसरी शून्य किंवा बारा दाखवत असेल, तर आयसी खरोखर गेलाय. अशा जोडीला स्पीकर लावू नका, त्याची कॉइल जळेल. आठही ठिकाणी सहा येऊनही लावलेला स्पीकर गप्पच असेल, तर तपकिरी वायर बघा. बऱ्याच सेटना ती फोन आल्यावर गाणं थांबवण्यासाठी दिलेली असते. वापरात नसलेली ती मोकळी वायर बॉडीला टेकली की सेट फोन आल्याच्या समजुतीत गप्प राहतो. तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सगळीकडे शून्य असेल, तर आयसीला उठायचा हुकूमच मिळत नाही. तेव्हा, किंवा टेप गुंडाळूनही आवाज नसेल तर, सेट उघडणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. नुसता आयसीही बदलता येतो. पण दारातला शॉर्ट तसाच ठेवून आयसी बदला नाहीतर सेट बदला, नवाही गप्पच बसेल.

तुमच्या बाबतीत तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. तडकलेली वायर सापडली की नुसती टेप मारून भागवू नका, दुमडीत ती लवकर सुटते. तेवढा तुकडा कापून नवी लवचिक वायर डाखा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवा आणि सांधा दुमडीपासून लांब, दाराच्या आत ठेवा.

प्रश्न : ब्लूटूथवर फोनवरचं बोलणं गाडीच्या स्पीकरमधून स्पष्ट येतं, पण गाणी येत नाहीत. स्पीकर खराब असेल का?

उत्तर : बोलणं ऐकू येतंय, मग स्पीकरला कशाला दोष? ब्लूटूथवर कॉल आणि गाणी या दोन स्वतंत्र जोडण्या असतात. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर जा, तिथलं मीडिया ऑडिओचं बटण बंद पडलं असेल. ते चालू करा आणि गाणं वाजत असताना फोनचाही आवाज वाढवा. काही सेटवर फोनचा आवाज शून्य असला की स्टिरिओचा कितीही वाढवून उपयोग नसतो. नाहीच जमलं तर दोन्हीकडून जोडणी पुसून नव्याने जोडा.

प्रश्न : डिकीत वेगळा अँप्लिफायर आहे, सगळे स्पीकर त्याच्यावरच आहेत. स्टिरिओ काढून परत बसवल्यापासून आवाज नाही. अँपवरचा दिवाही लागत नाही.

उत्तर : दिवाच नाही म्हणजे अँप झोपलेला आहे. स्टिरिओच्या मागची निळी-पांढरी वायर बघा. अँपला चालू हो म्हणून सांगणारी तीच, आणि सेट परत बसवताना जोडायची राहते तीही तीच. नुसती निळी तिच्या शेजारी असते, ती अँटेनाची. घाईत या दोघींची अदलाबदल होते, आणि काही सेटवर निळीला फक्त रेडिओ चालू असतानाच करंट येतो. सेट चालू करून अँपच्या रिमोट लिहिलेल्या स्क्रूवर मोजा, बारा व्होल्ट हवेत. तिथे बारा असूनही दिवा लागत नसेल, तर बॅटरीजवळचा मोठा फ्यूज, अँपवरचा फ्यूज आणि अर्थचा बोल्ट या क्रमाने बघा. बोल्टखाली रंग राहिला असेल तर पत्रा चकाकेपर्यंत खरवडून मगच आवळा. फ्यूज उडालेला सापडला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तोही लगेच उडाला, तर स्पीकरच्या वायरी आधी सोडवा आणि मग तिसरा टाका.