आवाहन, आव्हान की अपील? पेटंटच्या ‘रिजेक्शन’ला मराठीत काय म्हणावे

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या एका पेटंट अर्जाविषयीच्या इंग्रजी मथळ्याचे मराठी रूप ‘आलेखीय डेटाबेस इंटरफेससाठी पेटंट फेटाळण्याचे आवाहन’ असे वाचायला मिळाले. यात ‘आवाहन’ हवे की ‘आव्हान’? आणि ‘फेटाळणे’ बरोबर की ‘नाकारणे’?

‘आवाहन’ तर नक्कीच नको. आवाहन म्हणजे हाक, जाहीर विनंती. रक्तदानाचे आवाहन करतात, शांतता राखण्याचे करतात. वरच्या मथळ्याचा अर्थ मराठी वाचकाला ‘हे पेटंट फेटाळा, अशी कोणीतरी विनंती केली’ असा लागतो, म्हणजे नेमका उलटा; मुळात पेटंट नाकारल्याविरुद्ध दाद मागितलेली आहे. इंग्रजीत ‘अपील’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, हिंदीतही ‘जनता से अपील’ होते. मराठीने कामे वाटून दिली आहेत: लोकांना आवाहन, वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात अपील. ‘निर्णयाला आव्हान दिले’ हे चूक नाही, पण ढोबळ आहे. आव्हान रिट याचिकेनेही देता येते, दाव्यानेही देता येते. कायद्याने आखून दिलेली वरची पायरी सांगायची असेल तर ‘अपील’च लिहावे. जमीन महसूल अधिनियमाच्या मराठी पाठामुळे अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन हे तीन वेगळे शब्द महाराष्ट्रात चांगले रुळले आहेत; ते मोडू नयेत. अपील नपुंसकलिंगी: ‘अपील दाखल केले’. ‘अपील केली’ हे हिंदीच्या संगतीने आलेले रूप आहे. आणि अपील निर्णयाविरुद्ध असते. निर्णयाचे अपील नसते.

आता ‘फेटाळणे’. इथे जास्त थांबायला हवे, कारण शब्द चुकला की पुढची पायरीच चुकते.

मराठीत फेटाळले म्हणजे प्रकरण त्या टप्प्यावर निकाली निघाले. जामीन अर्ज फेटाळला, याचिका फेटाळली. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातल्या ‘रिजेक्शन’ने तसे काहीच निकाली निघत नाही. परीक्षक अर्जातले क्लेम, म्हणजे शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क मागितला आहे ते सांगणारी क्रमांकित वाक्ये, एकेक तपासतो आणि ‘क्लेम १ ते ७ या आधीच्या दस्तऐवजामुळे देता येत नाहीत’ असे पत्र पाठवतो. ते रिजेक्शन. अर्ज जिवंतच असतो, अर्जदार उत्तर देतो, क्लेम सुधारतो. त्या कार्यालयात आणखी एक काटेकोर भेद आहे. शोध पेटंटयोग्य नाही असे म्हणणे असेल तर ‘रिजेक्शन’. आकृतीत खुणेचा अंक राहिला, क्लेमची मांडणी नियमाला धरून नाही, असे रूपाचे दोष असतील तर ‘ऑब्जेक्शन’. पहिल्याविरुद्ध त्याच कार्यालयाच्या अपील मंडळाकडे जाता येते. दुसऱ्याविरुद्ध तिथे जाता येत नाही, संचालकाकडे विनंतीअर्ज करावा लागतो. म्हणून अमेरिकी संदर्भात पहिल्याला ‘नकार’ आणि दुसऱ्याला ‘आक्षेप’ म्हणावे. दोन्हींना ‘हरकत’ म्हटले तर वाचकाला कोणत्या दाराने जायचे तेच कळणार नाही.

‘फायनल रिजेक्शन’ला ‘अंतिम नकार’ म्हणणे भाग आहे, पण तो शब्द फसवा आहे हे जोडीला सांगावे. त्यात संपते ते क्लेम हवे तसे सुधारण्याचे स्वातंत्र्य. अर्जदाराला शुल्क भरून तपासणी पुढे चालू ठेवता येते किंवा अपील करता येते. अपिलासाठी ‘अंतिम’ हा शिक्काही लागत नाही. क्लेम दोनदा नाकारले गेले की हक्क मिळतो. मुदत मात्र सांभाळावी लागते. अशा पत्राला उत्तर देण्यासाठी सहसा ३ महिने मिळतात, शुल्क भरून ती मुदत वाढते, पण कायद्याची कमाल मर्यादा ६ महिन्यांची. तेवढ्यात अपिलाची सूचना दिली नाही, दुसरे उत्तरही गेले नाही, तर अर्ज ‘सोडून दिलेला’ मानतात. तोही फेटाळलेला नव्हे.

सूचनेनंतर २ महिन्यांत सविस्तर निवेदन द्यायचे असते, त्यावर परीक्षकाचे लेखी उत्तर येते आणि त्याला प्रत्युत्तर द्यायला पुन्हा २ महिने. निवेदनात क्लेमचे गट वेगळ्या उपमथळ्यांखाली मांडले नाहीत तर मंडळ त्यातला एक निवडते आणि बाकीचे त्याच्याबरोबर तरतात किंवा बुडतात. इंटरफेसच्या अर्जात हे हमखास नडते: पडद्यावरच्या चौकटी जोडण्याचा क्लेम आणि त्यातून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) तयार करण्याचा क्लेम यांचा युक्तिवाद एकत्र केला, की कमजोर क्लेम सशक्त क्लेमला घेऊन बुडतो.

‘क्लेम’ मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. कोशात ‘दावा’ आहे, पण मराठीत दावा दिवाणी न्यायालयात लावतात. ‘अर्जदाराचे ७ दावे फेटाळले’ हे वाचून कोणालाही सात खटले हरल्यासारखे वाटेल. ‘हक्कदावा’ थोडा बरा. चर्चेत ‘क्लेम’च चालतो आणि तो चालू द्यावा.

निकालाच्या शब्दांतही असाच खड्डा आहे. मंडळाने ‘अफर्म्ड’ लिहिले की भाषांतरकार ‘अपील मान्य’ लिहून बसतात. मंडळ कायम ठेवते तो परीक्षकाचा नकार. म्हणजे अर्जदार हरला. ‘रिव्हर्स्ड’ म्हणजे नकार रद्द झाला. त्यानेही पेटंट मिळत नाही, अर्ज परीक्षकाकडे परत जातो. शिवाय एकाच क्लेमवर दोन कारणांनी नकार असेल आणि एकच कारण टिकले, तरी तो क्लेम पडलेलाच राहतो. १९९४ चे ‘इन री लाउरी’ हे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. संगणकाच्या मेमरीत माहिती साठवण्याच्या रचनेचा तो अर्ज होता. मंडळाने ‘हा विषयच पेटंटयोग्य नाही’ हा नकार रद्द केला, पण रचनेला छापील मजकुरासारखे, म्हणजे पेटंटसाठी तिच्या आशयाला वजन नाही असे, मानून नावीन्याच्या आणि स्वयंस्पष्टतेच्या (जाणकाराला सहज सुचेल का, या) मुद्द्यांवरचे नकार कायम ठेवले. पुढे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने तेही रद्द केले: ही माहिती माणसाच्या मनासाठी छापलेली नसून तिच्यावर यंत्र प्रक्रिया करते, म्हणून छापील मजकुराचा नियम इथे लागू नाही. हे सारे ‘फेटाळले’ आणि ‘मान्य केले’ या दोन शब्दांत सांगता येणार नाही. ‘इन री’चा अर्थ फक्त ‘च्या बाबतीत’. ते कोणाचे नाव नव्हे.

ज्या अपील मंडळाबद्दल आपण बोलतो त्याचे नावही २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बदलले, हे जुन्या निर्णयांचे भाषांतर करताना ध्यानात ठेवावे.

भारतातला अर्ज असेल तर मात्र शब्द बदला. आपल्याकडच्या पहिल्या तपासणी अहवालात रूपाचे आणि आशयाचे सगळेच मुद्दे ‘ऑब्जेक्शन’ म्हणून येतात, तेव्हा इथे ‘आक्षेप’ योग्य. उत्तराला ६ महिने, आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. सुनावणीनंतर पेटंट नियंत्रक पेटंट अधिनियमाच्या कलम १५ खाली अर्ज ‘नामंजूर’ करतो. त्याविरुद्ध कलम ११७ए खाली ३ महिन्यांत अपील. ते पूर्वी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जाई, २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झाल्यापासून उच्च न्यायालयात जाते. मुंबई कार्यालयातल्या अर्जासाठी मुंबई उच्च न्यायालयात. त्याच नियंत्रकाला फेरतपासायला सांगणे हे पुनर्विलोकन, अपील नव्हे. आणि आक्षेपांना उत्तरच दिले नाही तर कलम २१ ने अर्ज सोडून दिलेला मानतात. ते कलम ११७ए च्या यादीत नाही, म्हणून तिथे रिट याचिका. ‘नामंजूर’ आणि ‘सोडून दिलेला’ यांतला फरक इतका महागात पडू शकतो. ‘फेटाळणे’ या शब्दाची खरी जागा उच्च न्यायालयात आहे: अपील फेटाळले.

इंटरफेसला आपल्याकडे कलम ३(के) आणि ३(एन) आडवी येतात. त्यांत सांगितलेल्या गोष्टींना पेटंट मिळत नाही: ३(एन) म्हणजे माहितीची मांडणी, ३(के) मध्ये संगणक प्रोग्रॅम ‘पर से’. ३(के) मधल्या ‘पर से’ला ‘केवळ’ पेक्षा ‘निव्वळ’ चांगला. ‘केवळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही’ हे वाक्य ‘बाकी सगळ्याला आहे, फक्त प्रोग्रॅमला नाही’ असेही वाचता येते. ‘निव्वळ प्रोग्रॅम’ म्हणताच अर्थ पक्का होतो: प्रोग्रॅमखेरीज त्यात दुसरे काही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अल्लानी प्रकरणात हाच भेद धरला. शोधाने तांत्रिक परिणाम साधला असेल, तर तो प्रोग्रॅमवर आधारलेला आहे एवढ्यानेच पेटंट नाकारता येत नाही.

राहिले ‘आलेखीय’. आलेख म्हणजे ग्राफ, आणि ‘ग्राफ डेटाबेस’ नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यामुळे ‘आलेखीय डेटाबेस इंटरफेस’ने हमखास घोटाळा होतो. इथे चित्रमय आहे तो इंटरफेस, डेटाबेस नव्हे. ‘विदागार’ आणि ‘आंतरपृष्ठ’ हे शब्द परिभाषेत आहेत, पण मथळ्यात डेटाबेस आणि इंटरफेस लगेच कळतात. मी तो मथळा असा लिहीन: ‘डेटाबेसच्या चित्रमय इंटरफेसचे पेटंट: परीक्षकाच्या नकाराविरुद्ध अपील’.